पाठमोरा एडगर

आमच्या सुकापूरच्या इमारतीत माधुरी घरत नेमकं काय काम करते, हे कोणालाच धड सांगता येत नाही. सेक्रेटरीच्या मते ती ‘कम्प्युटरवर असते’. तळमजल्यावरच्या कुमुदताईंच्या मते ती ‘टीव्हीत असते’, आणि टीव्हीत असून दिसत कशी नाही, हे त्यांना अजून पटलेलं नाही. मी शेजारच्याच घरात राहतो आणि मला पक्कं ठाऊक आहे, कारण मधली भिंत पातळ आहे. दिवसभर त्या घरातून एकच वाक्य दहा तऱ्हांनी ऐकू येतं. “मी तुला सांगितलं होतं.” “सांगितलं होतं ना मी.” “बोललो होतो ना तुला.” नवीन भाडेकरू आले की त्यांना वाटतं, आत कडाक्याचं भांडण चाललंय. आत माधुरी एकटीच बोलत असते.

ती परदेशी मालिकांचे मराठी संवाद लिहिते. अंधेरीतला एक स्टुडिओ तिला भाग पाठवतो, ती मराठी लिहून देते, मग तिकडे आवाज देणारे लोक ते बोलतात. ऐकायला सोपं वाटतं. पण गोऱ्या माणसाचे ओठ मिटले की मराठीतही तिथे प, ब, म असं काहीतरी यावं लागतं, नाहीतर बघणाऱ्याला खटकतं. त्यामुळे ही बाई जगातल्या कोणाच्याही तोंडाकडे बघते ती ओठांकडे. भाजीवाला बोलत असला तरी तिची नजर त्याच्या मिशीखाली. एक मात्र सवलत आहे. पात्र पाठमोरं असलं की तोंड दिसत नाही, मग तिथे मराठी कसंही बसवा, कोणी विचारत नाही.

इंग्रजीत एम.ए. करून ती आधी पनवेलच्या एका क्लासमध्ये शिकवायची. लग्न झालं, जमलं नाही, परत आली. त्या दिवशी मी तिच्या वडिलांकडे, आप्पांकडे, चहाला बसलो होतो. दोन बॅगा घेऊन मुलगी दारात उभी, डोळे सुजलेले, आणि तिचा बाप म्हणाला, “पानी तापलाय, अंघोळ करून घे.” बस. एवढंच. त्या विषयावर त्या घरात पुन्हा कधी चर्चा झाली नाही. मला तेव्हा आप्पांच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला होता.

आप्पा म्हणजे बाळू घरत. मूळ गव्हाणचे, आयुष्य पनवेलच्या एसटी डेपोत कंट्रोलर म्हणून गेलं. माइकवरून अलिबागची गाडी पुकारायला लागले की बाजारपेठेतले व्यापारी घड्याळ लावत, असं ते स्वतःच सांगतात. तेवढं बोलणारा हा माणूस घरात पाऊल टाकलं की मिठाची गुळणी धरून बसायचा. बायको गेली तेव्हाही बोलला नाही. मी गणिताचा मास्तर, जरा बडबड्या, म्हणून आमची जोडी जमली असावी.

तर गेल्या वर्षी माधुरीकडे एक ब्रिटिश मालिका आली. इंग्लंडच्या उत्तरेला कुठेतरी, जिथे सदा पाऊस, एक छोटं रेल्वे स्टेशन. दिवसाला दोन गाड्या थांबतात. त्याचा स्टेशनमास्तर एडगर, विधुर, आणि त्याची मुलगी रूथ. एडगरला काहीही विचारा, तो हवामानावर बोलतो. रूथ विचारते, “बाबा, आईची आठवण येते का?” तर हा म्हणतो, “उद्या वारा सुटेल बहुतेक.” मालिका मोबाइलवरच्या अॅपवर यायची, दर शुक्रवारी एक भाग. इंग्रजांचं एक आहे, मोजके भाग करतात आणि आटपतात. मला ते सहा भागसुद्धा पुरून उरले. पहिल्या भागात मी दोनदा डुलकी काढली. आप्पा मात्र पापणी न लववता बसले होते. संपल्यावर म्हणाले, “यो माझ्यासारखाच हाय.”

तेव्हापासून शुक्रवारची संध्याकाळ ठरून गेली. टीव्हीसमोर आप्पांची वेताची खुर्ची, बाजूला मी, आणि मागे स्वयंपाकघराच्या दारात माधुरी, स्वतः लिहिलेलं मराठी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी उभी.

या मालिकेची अमेरिकन आवृत्तीही निघालेली आहे. कंपनीने दोन्ही घेतल्या होत्या, आधी ब्रिटिश दाखवायची, मग अमेरिकन. अमेरिकन मालिकेचा पहिला अख्खा सीझन मात्र माधुरीकडे आधीच येऊन पडला होता. तिने मला काही दाखवले. त्या छोट्या स्टेशनाचं त्यांनी ओहायोतलं भलंमोठं बस टर्मिनल करून टाकलं होतं. एडगरचा झाला एडी, रूथची झाली किम्बर्ली, आणि सगळ्यांचे दात पांढरेशुभ्र. गोष्ट हुबेहूब तीच. तेच प्रसंग, त्याच क्रमाने. फरक एवढाच, की जिथे एडगर गप्प बसायचा तिथे एडी बोलायचा. मुलीला मिठी मारून “माझं तुझ्यावर प्रेम आहे गं” म्हणायचा, आणि मागे पियानो सुरू. माधुरी नाक मुरडायची. म्हणायची, “काका, हे लोक एकदाही पाठ फिरवत नाहीत. सगळं तोंडावर.” मला लाज न बाळगता सांगायला हवं, मला एडी आवडला. बापाने मुलीला तसं म्हटलं तर त्याचं काय झिजतं?

उन्हाळ्यात आमची लिफ्ट बंद पडली आणि आप्पा जिन्यातच बसले. छातीवर हात, कपाळावर घाम. मी आणि माधुरीने त्यांना रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं स्पष्ट. हृदयाच्या तीन नळ्या बंद होत आल्यात, बायपास करावी लागेल, आणि लांबवू नका. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, “मना कापायचा नाय.”

विषय संपला. माधुरीने एकदा हळूच विचारलं, “पुन्हा बोलूया का डॉक्टरांशी?” तर म्हणाले, “आज पान्याचा टँकर आला नाय वाटतं.” हुबेहूब एडगर.

आणि दैव असं, की नेमकं त्याच सुमारास मालिकेत एडगरचंही हृदय बिघडलं. त्यालाही डॉक्टर ऑपरेशन सांगतो. एडगर ऐकून घेतो आणि विचारतो, “डॉक्टर, माझी छत्री वाळली का?” आप्पांनी मांडीवर थाप मारली. “बघ मास्तर! त्यानंपन नाय केला. चाललाय ना मस्त?” पुढच्या शुक्रवारी तेच, त्याच्या पुढच्या शुक्रवारी तेच. मी डॉक्टरांचं नाव काढलं की आप्पा एडगरचा दाखला द्यायचे. दारात उभ्या माधुरीचा चेहरा मला दिसायचा. तिनेच लिहिलेली वाक्यं तिचाच बाप तिच्यावर फेकत होता.

तिची झोप उडाली. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की ती समोर उभीच असायची. “काका, आत्ता ते खोकले ना? तुम्ही ऐकलंत?” आप्पा आंघोळीला गेले की ही बाथरूमच्या दाराशी कान देऊन. पाण्याचा आवाज थांबला की हिचा श्वास थांबायचा. मला राग यायचा. मी म्हणायचो, “अगं, बापाला समोर बसव आणि सांग, की मला भीती वाटते.” ती माझ्याकडे अशी बघायची, जसं काही मी तिला कपडे काढून बाजारात उभी राहायला सांगतोय.

मग तिने एक उद्योग केला. मालिकेचा शेवटून दुसरा भाग तिच्याकडे लिहायला आला होता. त्यात एडगर फलाटाच्या टोकाला उभा आहे, पाठमोरा. रूथ मागून विचारते, “बाबा, मी हॉस्पिटलला फोन करू का?” मग तो पाठमोराच म्हणतो, “पाऊस येईलसं दिसतंय.” माधुरीने तिथे मराठीत लिहिलं, “घे तारीख.”

ओठ दिसत नव्हते. स्टुडिओतल्या सुशांतने, म्हणजे आवाज रेकॉर्ड करून घेणाऱ्याने, ते तसंच बोलवून घेतलं. हे ती मला सांगत होती तेव्हा तिच्या डोळ्यांत कित्येक दिवसांनी जरा चमक होती. मी तिला विचारलं, शेवटच्या भागात काय आहे? ती म्हणाली, अजून आला नाही, इंग्रजांकडून एकेकच भाग येतो. “पण अमेरिकन बघितलंय ना आपण. एडी ऑपरेशन करून घेतो, किम्बर्लीच्या लग्नात नाचतो. आतापर्यंत सगळं सारखंच आहे, काका. मी फक्त एक भाग आधी हो म्हणवलंय.” मला ते पटलं. मी तिला शाबासकीसुद्धा दिली. गणिताच्या माणसाने असलं गृहीत धरायला नको होतं.

शेवटचा भाग आला त्या दुपारी तिने माझी बेल वाजवली आणि आत येऊन सरळ जमिनीवर बसली. मला वाटलं आप्पा गेले.

“मरतो,” ती म्हणाली. “एडगर मरतो, काका. बाकावर बसल्या बसल्या. रूथ चहा आणायला आत जाते आणि बाहेर येते तर गेलेला. ऑपरेशनचं नावसुद्धा नाही कुठे.”

ते मला उमगायला थोडा वेळ लागला. मूळ गोष्टीत एडगर ऑपरेशन टाळतो आणि मरतो. म्हणजे ती गोष्ट आप्पांना जशीच्या तशी दाखवली असती तर तिनेच आमचं काम केलं असतं. आता मात्र मराठीत एडगर हो म्हणतो आणि आठवड्याभरात मरतो. बघणारा काय समजणार? हो म्हटलं आणि गेला.

“मग शेवटच्या भागात रूथच्या तोंडी घाल ना काहीतरी,” मी म्हणालो. “उशीर केला, आधीच करायला हवं होतं, असं काही.”

“जागाच नाही. अख्ख्या भागात चार वाक्यं आहेत. आणि रूथचा चेहरा पूर्ण पडदाभर. एकदाही वळत नाही ती.”

सुशांतला सांगून आधीचा भाग बदलून घ्यावा, हेही तिच्या मनात आलं होतं. पण तो कंपनीकडे गेलेला. बदलायचा तर कारण सांगावं लागणार, आणि मूळ संवाद स्वतःच्या मनाने फिरवला हे एकदा कळलं की तिला पुन्हा काम कोण देणार? ती दोन दिवस फोन हातात घ्यायची, ठेवायची. तेवढ्यात शुक्रवार आला.

आप्पांनी तो भाग नेहमीसारखाच पाहिला. फलाटावरचा प्रसंग आला तसा मी टीव्हीकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघू लागलो. “बाबा, मी हॉस्पिटलला फोन करू का?” मग एडगर म्हणाला, “घे तारीख.” आप्पा जरासे पुढे वाकले. मग मान वळवून दारातल्या माधुरीकडे पाहिलं, पुन्हा टीव्हीकडे. जेवले, झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाचता वाचता, डोकं वर न काढता म्हणाले, “घे तारीख.”

माधुरी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली, हे मला भिंतीतून कळलं. तारीख मिळाली ती पुढच्या शुक्रवारनंतरच्या सोमवारची. डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं होतं, याच्या पुढे नको. आणि त्या मधल्या शुक्रवारी एडगर मरणार होता. आनंद आणि धसका एकाच ताटात वाढून आले होते. आमच्यापुढे आता एकच काम, तो भाग आप्पांच्या नजरेस पडू द्यायचा नाही.

बुधवारी आम्ही अमेरिकन मालिकेचा घाट घातला. माधुरी म्हणाली, “आप्पा, शेवटाआधी हे बघा ना जरा, त्याचीच गोष्ट आहे, अमेरिकेतली.” ते अजून मराठीत झालं नव्हतं. म्हणून ती स्वतः टीव्हीशेजारी स्टुलावर बसली आणि आवाज बंद करून सगळ्यांचं मराठी तोंडी बोलू लागली. एडीचं, किम्बर्लीचं, डॉक्टरचं, कॉफीवाल्या पोराचं. मीच तिला ऑपरेशनचा भाग लावायला सांगितलेला. एडी पलंगावर, किम्बर्ली त्याचा हात धरून. माधुरी जाड आवाजात म्हणाली, “मला भीती वाटते बाळा, पण तुझ्यासाठी मी हे करीन.” आणि लगेच बारीक आवाजात, “बाबा, मला तुम्ही हवे आहात.” तिचा स्वतःचा आवाज कुठून तरी फाटला. ती खोकल्यासारखं करून पुढचं बोलू लागली.

आप्पा म्हणाले, “यो किती बोलतो. डाक्टरला पन वेळ देत नाय.” मग थोड्या वेळाने, “पोरगी चांगली हाय पन.” आणि उठून गेले.

“एडी वाचतो, आप्पा!” मी मागून ओरडलो. “नाचतो बघा पुढे!”

“त्यांच्याकडं सगलेच वाचतात,” आप्पा आतून म्हणाले.

शुक्रवार उजाडला. माधुरीने सकाळीच वायफायची वायर काढून पंख्याच्या खोक्यात लपवली आणि नेट गेलं म्हणून सांगितलं. आप्पांच्या साध्या फोनवर काही दिसत नाही, तेवढं बरं. संध्याकाळी नेमक्या वेळी त्यांना बाहेर काढायचं माझ्याकडे. मी म्हणालो, चला, खाली दोन फेऱ्या मारू, डॉक्टरांनी सांगितलंय. ते निमूट निघाले. मी वाटेत काय वाट्टेल ते बोलत होतो. विमानतळ, नवे टॉवर, गव्हाणच्या जमिनी. त्यांच्या पायांकडे माझं लक्ष, श्वासाकडे माझं लक्ष. सोमवारपर्यंत मध्ये दोनच दिवस, असं मी मनाशी घोकत होतो.

गेटपाशी कुमुदताई भेटल्या. हातात मोबाइल, कानातली वायर अजून लोंबतेय. त्यांचे डोळे लाल झालेले. मला धोका कळला, मी हातवारेसुद्धा केले, पण कुमुदताईंना आजवर कोणाचे हातवारे कळलेले नाहीत.

“आप्पा, बघितलंत का? गेला हो आपला एडगर! चांगलं ऑपरेशनला हो म्हणाला, आणि आठवड्यात खलास. नाही म्हणत होता तेच बरं होतं बिचाऱ्याचं.”

त्यांना त्या क्षणी उचलून सुकापूरबाहेर ठेवावं असं मला वाटलं. आप्पा थांबले. गेटच्या लोखंडी दांडीवर हात ठेवला. मी त्यांचा दंड धरला. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “चल वर.”

आम्ही लिफ्टने वर आलो. दार माधुरीने उघडलं. आमचे चेहरे बघून तिला सगळं कळलं. तोंडातून नुसतं “आप्पा, तसं नाहीये ते” एवढंच बाहेर पडलं.

“नेट लाव,” आप्पा म्हणाले.

तिने खोक्यातून वायर काढली. मी पुढे होऊन ती जोडली. आप्पा वेताच्या खुर्चीत बसले आणि आम्ही तिघांनी तो भाग पाहिला. शेवटपर्यंत. रूथ चहाचे दोन कप घेऊन बाहेर आली. एडगर बाकावर. रूथ त्याच्या शेजारी बसली, एक कप त्याच्या बाजूला ठेवला आणि गाडीची वाट बघत राहिली. तिचा चेहरा, नुसता चेहरा, कितीतरी वेळ. पियानो नाही, काही नाही. मी या मालिकेत डुलक्या काढणारा माणूस, मीही टक्क जागा होतो. मग मी आप्पांकडे वळून बघत राहिलो. आता हे म्हणणार, मना कापायचा नाय. आता म्हणणार. आणि मग संपलंच.

आप्पांनी रिमोटने टीव्ही बंद केला. मग खुर्ची दोन्ही हातांनी उचलून वळवली आणि माधुरीकडे तोंड करून बसले.

“तो गोरा कधी सरळ बोललाय का?” ते म्हणाले. “इतके भाग झाले. मुलीनं काय पन विचारला तरी पाऊस, नायतर वारा. आनि त्या दिवशी एकदम ‘घे तारीख’? पाठ फिरवून? तेवाच समजला मना, ह्यो तो बोलत नाय. तू बोलतेस.”

माधुरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “मग तुम्ही हो का म्हणालात?”

“त्याला हो नाय म्हनलो. तुला म्हनलो.”

मला तिथून उठून जायला हवं होतं, पण मी बसून राहिलो.

मला वाटलं, आप्पा आता टँकरचं काढतात. पण ते म्हणाले, “तू जगाच्या तोंडात बोलना घालतेस. त्या अमेरिकनाच्या पन घातलास बुधवारी. तुझा तू कवा बोलनार? हा बसलोय मी. बोल.”

एवढी वाक्यं लिहिणारी बाई, तिला एक सापडेना. मग ती जमिनीवर बसली, त्यांच्या गुडघ्याला हात लावला आणि म्हणाली, “मला भीती वाटते, आप्पा. रोज वाटते. तुम्ही नसलात तर मला या घरात कोणी ‘अंघोळ करून घे’ म्हणायलासुद्धा नाही.”

आप्पांचा हात तिच्या डोक्यावर गेला. तो जुना, एसटीच्या डेपोतला, काळाकभिन्न हात.

“मना पन वाटते,” ते म्हणाले. “लय वाटते.”

ऑपरेशन नीट झालं, हे इथेच सांगून टाकतो. मला स्वतःला टांगून ठेवलेलं आवडत नाही आणि दुसऱ्याला टांगायलाही आवडत नाही. पण त्या सोमवारी सकाळी ते आम्हाला ठाऊक नव्हतं. हिरव्या कपड्यातल्या दोघांनी आप्पांना ढकलगाडीवरून आत नेलं. काचेचं जाड दार बंद झालं. पलीकडे गाडी जरा थांबली, कोणी तरी कागद बघत होतं. आप्पांनी मान आमच्याकडे वळवली आणि काहीतरी म्हणाले. आवाज येत नव्हता. नुसते ओठ हलले.

मी चष्मा पुसला, काचेला नाक लावलं. काही उमजेना. माझ्या मनात भलतंसलतं यायला लागलं. माणूस अशा वेळी काय काय सांगून जातो.

“काय म्हणाले गं?” मी विचारलं. “काय म्हणाले?”

माधुरी त्या ओठांकडे बघत होती. गाडी आत वळली, दिसेनाशी झाली, तरी तिथेच बघत होती.

“‘दोघं जेवून घ्या,’ म्हणाले,” ती म्हणाली. आणि माझा हात धरून तिने मला खाली कॅन्टीनकडे नेलं.